सकाळची मूठ

पहाटे पाचला जाग येते ती बोटांना.
मला नंतर.
क्वेम्चीत जूनमध्ये पाऊस पडत नाही,
राहायला येतो.
पत्र्यावर, होड्यांवर, कुंपणाच्या खांबांवर,
आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे हाड
जरासं पुढे आलंय, दारात उभं राहिल्यासारखं.

आधी मूठ.
पांघरुणाच्या आतच, होईल तेवढी.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी झाकतच नाही,
मधे लिंबाएवढी फट राहते.
मागच्या हिवाळ्यात सफरचंद मावायचं.
मी फळांत मोजते.

मग चूल. काडेपेटी सोडून दिली,
चिमटीचा खेळ आता जमत नाही.
जुन्या मोज्यात गहू भरून शिवलेली पिशवी
भट्टीत आठ मिनिटं,
नऊ झाली की करपते.
तोवर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात,
दहा वेळा भरती, दहा वेळा ओहोटी.
गोळी पावाच्या तुकड्यानंतरच,
दवाखान्यातल्या इर्मा बार्रियाने दटावून सांगितलंय.
"आणि बसून राहू नकोस, एर्सीरा.
गंज बसणाऱ्यालाच चढतो."

बावीस वर्षं मी सामन माशांचे काटे उपटले
चिमट्याने, बर्फाच्या पाण्यात, उभ्याने.
काटे मोजायला कंपनीचा माणूस होता.
इर्माला विचारलं, हे तिथलंच ना?
ती म्हणाली, असेल. वयही असेल.
आणि कागदावर लिहिलं: हवामान.

म्हणून मी पावसाला शिव्या द्यायचे.
रोज संध्याकाळी रोसामेल कुंपणाशी थांबायचा,
"काय म्हणतात हाडं?"
मी सांगायचे, उत्तरेचा वारा येतोय,
आणि तो होडी बांधून टाकायचा.
गल्लीत माझ्या बोटांना रेडिओपेक्षा मान होता.
खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.
दुखण्याला काहीतरी काम होतं.

मग ती ऑगस्टातली रात्र.
दोन्ही अंगठे असे ठणकले
की मी रोसामेलला निरोप धाडला: जाऊ नकोस, मोठं येतंय.
सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं.
आखाताच्या पलीकडे ज्वालामुखी,
बर्फासकट, शेंड्यापर्यंत.
सगळ्यांच्या होड्या बाहेर.
आणि हा माझ्या चुलीशी, माते पीत,
गुडघा चोळत, एक शब्द नाही.

त्या स्वच्छ उन्हात मला कळलं
की दुखणं पावसाचं नव्हतंच पुरतं.
तो नुसता येऊन कडी वाजवायचा.
राहायला होतं ते माझंच, घरचं.
वाईट वाटायला हवं होतं.
पण आभाळाशी भांडण मिटल्यावर
घरात जरा जागा झाली.

आता पावसातही धक्क्यापर्यंत जाऊन येते,
रबरी बूट, बोटं कापलेले लोकरी हातमोजे.
जाड सुयांवर पाच ओळी विणते.
सहावी हाका मारते. ती हातची ठेवते, उद्यासाठी.
दाराची मूठ कोपराने,
किटली दोन्ही हातांनी, अर्धीच भरून.
ब्लाउजची बटणं काढून हूक लावले,
ते लावायला रोसामेलची बोटं लागली.
त्याचे गुडघे गेलेत, बोटं शाबूत आहेत.
तो मुरब्ब्याची बरणी उघडतो,
मी त्याच्या छपराच्या शिडीवर चढते.
दोघांत मिळून एक धड माणूस,
तोही ओला.

अजून विचारतो, सवयीने,
"काय म्हणतात हाडं?"
मी म्हणते, थापा मारतात. रेडिओ लाव.

रेडिओवर बाई वाऱ्याचे आकडे सांगत होती,
तो वाद घालत होता तिच्याशी,
आणि बोलता बोलता नऊ मिनिटं झाली.
घरभर करपलेल्या गव्हाचा वास.
तो म्हणाला, भूक लागली.