अर्धा वेळ

अर्जाच्या सत्ताविसाव्या पानावर एक रकाना असतो:
अर्जदाराच्या वेळेचा किती हिस्सा विकत घ्यायचा?
डॉ. लोर्ना पेत्रोविच यांनी लिहिलं, पन्नास टक्के.
मी अनुदान कक्षातली कारकून.
पेन्सिलीनं कडेला विचारलं, उरलेले पन्नास कुणाचे?
उत्तर आलं: पेशंटांचे.
मग ते खोडून: गुडघ्यांचे.

आमच्या ब्यूट गावाच्या पोटात बोगदे आहेत
गावातल्या रस्त्यांहून लांब.
टेकडीवर लोखंडी मनोरे,
ज्यांचे पाळणे आता कुणालाच खाली सोडत नाहीत.
तांबं संपलं, तरणी पोरं सिएटलला गेली,
मागे राहिले ते,
ज्यांच्या छातीत खाण अजून सुरू आहे.

आमच्या मेडिकल कॉलेजात
बाळांसाठी सात प्राध्यापक,
हृदयासाठी नऊ,
म्हाताऱ्यांसाठी मंगळवारची दुपार.

अर्जात हे असं लिहायचं नसतं.
अर्जात ‘नेतृत्व’ होतं, ‘क्षमताबांधणी’ होती, पाच वर्षं होती.
मी बेरजा जुळवल्या.
डीन ग्रीअर्सननी चार वाजता सही केली,
मुदत पाचला संपत होती.

मग नऊ महिने काही नाही.
नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतं.
आमच्या यादीतले चौघं गेले.

जरा थांबा, प्रत्येक खिडकीवर त्यांना सांगितलं जातं.
जरा म्हणजे थोडंसं.
जरा म्हणजे म्हातारपणही.
एकाच शब्दात रांग,
आणि रांगेत उभं असलेलं माणूस.

पैसे आले. अकरा टक्के कापून,
आणि कॉफीवर खर्च करू नये, अशी अट घालून.

पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या चष्म्यांना व्हॅसलीन फासलं,
बुटांत मक्याचे कोरडे दाणे भरले,
हातात जाड मोजे, आणि म्हटलं:
दोन जिने चढा, ही गोळ्यांची बाटली उघडा,
वरचं बारीक अक्षर वाचा.
एक मुलगा पायरीवर बसून रडला.
बाटली तरीही उघडली नाही.

वेस्ली ट्रेगॉनिंग, वय चौऱ्याऐंशी,
पूर्वी पाळण्याचं इंजिन चालवायचे.
त्यांना शिकवायला बोलावलं, तर फॉर्मवर पदच नव्हतं.
मी लिहिलं: सल्लागार, तासाला बावीस डॉलर.
ते वर्गात म्हणाले,
खाणीत नवा पोरगा एकटा कधी उतरायचा नाही,
जुन्याच्या दिव्यामागं चालायचा.
तुमच्यात पुढं कोण चालतं?
कुणी वहीत लिहून घेतलं नाही.
लोर्नांनी घेतलं.

दुसऱ्या वर्षी फोर्ट पेकची टॅलिया रेनविल.
तिला अठरा हजार डॉलर दिले,
बर्फावर पडणाऱ्या बायका मोजायला.
हिवाळाभर गाडी चालवून तिनं आणला आकडा: सहा.
लोर्ना म्हणाल्या, पुन्हा जा. या वेळी प्रश्न विचारू नकोस,
भांडी घास.
वसंतात आकडा झाला एकेचाळीस.
पडल्याचं कुणी सांगत नाही,
कारण सांगितलं की
मुलं घराला कुलूप लावून दूरच्या खोलीत नेऊन ठेवतात.

आता पाचवं वर्ष. शेवटच्या फॉर्मवर प्रश्न आहे:
निधी संपल्यावर हे काम कसं चालू राहील?
अडीचशे शब्दांत सांगा.
लोर्ना चौसष्टच्या झाल्या. जिना टाळतात.
त्यांनी एकच ओळ लिहून पाठवली:
टॅलियाला विचारा, मी मागे आहे.
मी उरलेले शब्द भरत बसले,
खिडकीबाहेर मनोऱ्यांवर लाल दिवे लागेपर्यंत.

तेवढ्यात ट्रेगॉनिंग दारात.
काठी भिंतीला टेकवून म्हणाले,
पाच वर्षं झाली, तासाला चोवीस हवेत.
अनुभव वाढलाय माझा.

मी रकान्यात चोवीस लिहिले.
खालची बेरीज चुकली.
आयुष्यात पहिल्यांदा
ती तशीच राहू दिली.