सरासरी एकोणनव्वद

गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ
मी एकोणनव्वद असते.
वयानं नाही. वय एकसष्ट.
सरासरीनं.
दाराजवळच्या फळीवर कागद टाचलेला असतो,
त्यावर ओडेट सवॉय, आणि पुढं पेन्सिलीनं ८९.
पेन्सिलीनंच, कारण फर्नांड म्हणतो,
शाईनं लिहावं असं आपल्यात कुणी खेळत नाही.

एरवी मी शाळेची बस चालवते,
नदीकाठानं, बर्फ खरवडलेल्या रस्त्यावरून
त्रेचाळीस पोरं नेते, त्रेचाळीस आणते.
बावीस वर्षं.
त्याचे गुण कुणी मांडून ठेवलेले नाहीत.

मिरामिशीत आज उणे एकोणीस.
आत भाड्याच्या बुटांचा, तळलेल्या बटाट्यांचा,
वाळत घातलेल्या हातमोज्यांचा वास.
आमच्याकडचा चेंडू लहान, सोललेल्या नारळाएवढा,
बोटं घालायला भोकं नाहीत.
पिना मेणबत्त्यांसारख्या सडपातळ,
आणि पडलेल्या पिना मधेच उचलायच्या नाहीत, हा नियम.
पडलं ते तिथंच लोळत राहतं,
कधी आडवं येतं, कधी कामाला येतं.
फर्नांडच्या मते यात आयुष्याचं सार वगैरे आहे.
माझ्या मते यात फक्त सात नंबरची पिन आहे,
जी डाव्या कोपऱ्यात उभी राहून
माझ्याकडे बघत असते.

आमच्या संघाचं नाव 'तिसरा चेंडू',
पहिल्या दोनांवर आमची भिस्त नसते म्हणून.
फर्नांड, कागद गिरणी बंद पडली तेव्हाचा फोरमन,
गुडघा स्टीलचा.
ब्लेअर, जो हरला की बूट तपासतो.
आणि डोरीन,
जिनं नोव्हेंबरपासून माझ्याशी अबोला धरलाय,
तरी पिना पडल्या की तळहात पुढं करते.
टाळी देते, तोंड फिरवते.
टाळीचा हिशेब वेगळा.

समोर मासळी कारखान्याच्या बायका.
त्यांची युलाली रेषेपाशी मनगट असं झटकते
जणू ओलं फडकं.
सरासरी एकशे चार.
चर्चमध्ये ती माझ्या मागच्याच बाकावर बसते,
आणि मला तिथंही तिचं मनगट आठवतं.
हे पाप असेल तर असो.

शेवटचा डाव माझा.
बरोबरीला नऊ, जिंकायला दहा.
बक्षीस म्हणाल तर एप्रिलमध्ये टर्कीचं जेवण
आणि प्लास्टिकचा कप, जो कुणी घरी नेत नाही.
तरीही घशाला कोरड.
मुलाच्या लग्नात एवढी पडली नव्हती.

पहिल्या चेंडूवर पाच.
दुसऱ्यावर दोन, तेही नाइलाजानं पडल्यासारखे.
मागं एकदम शांत. बटाटे चावणंसुद्धा थांबलं.
तिसरा मी सोडला, आणि सोडताच कळलं, चुकला.
चुकून तो पडलेल्या लाकडावर गेला,
ते गिरकी घेत सरकलं,
एक घेतली, दुसरी घेतली,
आणि सात नंबरची
डुलली.
देवाशपथ डुलली.
मग एखाद्या मावशीनं पदर सावरावा तशी
सावरून उभी राहिली.

नऊ. बरोबरी. अर्धा-अर्धा गुण.
युलालीनं माझा हात हातात घेतला, गार, खारट हात.
म्हणाली, पुढल्या वेळी सोडणार नाही.
इतक्या प्रेमानं मला बऱ्याच दिवसांत
कुणी धमकावलं नव्हतं.

बुटांच्या नाड्या सोडताना शेजारी डोरीन.
जमिनीकडेच बघत म्हणाली,
"डुलली होती."
मी म्हटलं, "हो ना."
अडीच महिन्यांनी एवढंच.

फर्नांडनं चष्मा कपाळावर चढवून बेरीज केली.
एकोणनव्वद पूर्णांक नऊ दशांश.
मग नव्वद लिही ना, मी म्हटलं.
लीगमध्ये अपूर्णांक धरत नाहीत, ओडेट.
त्यानं ८९ खोडलं, कण फुंकरले,
आणि त्याच जागी, जरा ठळक,
पुन्हा ८९ लिहिलं.

पुढल्या गुरुवारी अग्निशमनवाले आहेत.
त्यांच्यात एक नवा पोरगा आलाय, म्हणे डावखुरा.