भार

वाघधरे रेडिओ, लॅमिंग्टन रोड, जिन्याखाली.
पाटीवरचा 'रे' दोन वर्षांपूर्वी गळून पडला,
लोक तरी येतात.

ती वेसाव्याहून आली होती, दुपारी, डबा उघडायच्या वेळेला.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला हातातला सेट,
कडांना मिठाची पांढरी रेघ.
"बाबांचा आहे. बोटीवरचा.
बटण दाबलं की मरतो."
नाव विचारलं, पावतीपुरतं. कुंदा हरेश्वर नाखवा.

पॅक काढला. आठ सेल, एकामागे एक, निळ्या कातड्यात.
मीटर लावला: दहा पूर्णांक एक.
"भरलेला आहे की," ती म्हणाली, जरा रागानेच.
स्वस्थ बसलेला पॅक नेहमीच भरलेला दिसतो, ताई.
रिकाम्या हातांनी कुणीही ताठ चालतं.

आधी टोकं पाहिली.
स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा गंज,
खाऱ्या हवेचं हे नेहमीचंच.
शाळेतला खोडरबर घेतला, जुना टूथब्रश, थेंबभर स्पिरिट.
घासून घासून पितळ वर आलं.
मला वाटलं, एवढंच असेल, शंभर रुपये सांगू.
लावून बटण दाबलं.
लाल दिवा लागला, थरथरला, गेला.

"चार्ज तर रोज होतो. हिरवा दिवासुद्धा लागतो.
कुणी म्हणालं, बॅटरीला आठवण राहते, म्हणून बिघडते."
ते जुन्या कॅडमियमवाल्यांचं.
ह्यांना कसली आठवण नसते.

मग कातडं चिरलं.
आठही सेल उघडे केले, वर गाडीचा छोटा बल्ब जोडला,
भार म्हणून.
एकेकाला मीटर टेकवत गेलो.
एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक दोन. तेच. तेच.
पाचव्याला काटा
शून्याच्या खाली गेला.

हा बघा. ह्याच्यावर ओझं आलं की हा उलटा फिरतो,
बाकीचे सात जे देतात ते हाच खातो.
"मग सेट पूर्ण बंदच होता ना? पाच रात्री?"

नाही, मी म्हणालो, बल्ब सोडवत,
बोलायला जोर लागतो.
ऐकायला काहीच लागत नाही म्हणा.
ऐकू येत असणार सगळं.

ती स्टुलावर बसली.
बाहेर कुणीतरी स्पीकर तपासत होतं,
हॅलो, वन टू, हॅलो.

"सगळं?"

म्हणजे, अंतर जास्त नसेल तर.

"मढच्या दिव्याच्या अलीकडेच होते."
मग बराच वेळ ती त्या पाचव्या सेलकडे बघत होती.
"मी रोज दहाला लावायची. उत्तर नाही.
तिसऱ्या रात्री शिव्या घातल्या.
चौथ्या रात्री... उत्तर नाहीच ना येत,
म्हणून मग सांगूनच टाकलं.
बोट विकायची बोलणी केलीत म्हणून. आईच्या बांगड्यांचं पण.
यंत्राला सांगतेय असं वाटलं."

आलेत का ते?

"शुक्रवारी. जेवतात, जाळं शिवतात.
सेट टेबलावर ठेवला, म्हणाले, दुरुस्त करून आण.
बाकी काही नाही."

मी डबा बंदच ठेवला.
एकच सेल बदलू का, स्वस्तात पडेल? तिनेच विचारलं.
सात जुन्यांत एक नवा घातला तर
महिनाभरात सगळे परत इथेच येतील, मी म्हणालो.
बदलायचे तर आठ.
तिने पर्समध्ये नोटा मोजल्या, परत मोजल्या.
"आठ बदला."

पट्ट्या जोडल्या, नवं कातडं चढवलं,
पहिलं चार्जिंग चौदा तास, सावकाश, घाई नको.
दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभी.

तपासून बघा, म्हणालो.
तिने सेट तोंडाजवळ नेला, बटण दाबलं.
लाल दिवा लागला.
मीटर नऊ पूर्णांक चारवर, हलला नाही.
मी मनात दहा मोजले,
वीस मोजले.
ती काही बोलली नाही,
बोटही उचललं नाही.