खर्ज कुणाचा

कव्हरवर ऑब्रे लाझरसच्या गळ्यात प्रिसिजन आहे,
सनबर्स्ट, कडेला काळी, पोटाशी मध.
म्हणून माझा मेहुणा म्हणतो, प्रिसिजन.
सदरला जुन्या रेकॉर्डी विकणारा बेहराम म्हणतो,
फोटो आहे ना, साहेब.

फोटोला आवाज नसतो.

मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली.
खांबावर चढून, हँडसेट कानाला लावून
सांगायचो पाणी कुठं शिरलंय,
धंतोलीत की रहाटे कॉलनीच्या चेंबरमध्ये.
खरखरीला पत्ता असतो.
तेव्हा ही सात इंची तबकडी,
'सिग्नल डाउन', चार गाणी,
अजनीचं रेल्वे इन्स्टिट्यूट, मे शहात्तर,
मी गाण्यांसाठी ऐकत नाही.

दुसऱ्या गाण्यात ड्रम थांबतात
आणि बास एकटाच चार मात्रा चालतो.
तिथं मी सुई किती वेळा ठेवली असेल.
रिकनबॅकर असता तर कडेनं धातू खणखणला असता.
हॉफनर असता तर मडक्यात बोलल्यासारखा.
प्रिसिजनचा स्वर खोलीभर हिंडून मग जातो.
हा बसतो.
लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या जाड माणसासारखा,
एकदाच, धप्प,
आणि उठत नाही.

शिवाय मे महिना.
तिसऱ्या गाण्यापर्यंत गिटारी उतरल्यात,
गाणारा त्यांच्यामागे उतरलाय.
बास जागचा हलत नाही.
उलट पहिल्यापासूनच केसभर चढा,
ते मी ऑब्रेच्या कानाचा दोष समजत आलो.
पण कोणतं लाकूड सत्तेचाळीस डिग्रीला भीक घालत नाही?

वामन सेलोकर, कॅरेज शॉपचे सुतार,
मोतीबागेतल्या मुलाच्या घरी खाटेवर, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे:
"फोटोतला बंबईच्या बँडचा होता, बाप्पा.
कामठीच्या मेसमधी आले होते ते लोकं.
फोटो काढला अन् वापस केला.
रेकॉर्डातला माह्या हातचा.
सेकंड क्लासच्या बर्थची फळी, बल्लारशाचं सागवान.
ऑब्रेचा खांदा उतरला, सूर नाही उतरला."
आणि पिकअप?
ते माझ्याकडे बघत राहिले.
"तार टेलिफोनच्या रिसीव्हरमधली.
दोन रिसीव्हर. कोठून आले ते नको इचारू."

नाही विचारलं.
शहात्तरच्या एप्रिलचं रजिस्टर मला आठवतं.
'रिसीव्हर दोन, उंदरांनी कुरतडले.'
अक्षर माझं. बावीस वर्षांचा होतो,
साहेबांनी सांगितलं ते लिहिलं,
उंदीर बेकलाइट खातात का, हे मनातही आलं नाही.

मोहननगरात फिलोमिनानं दार उघडलं.
ऑब्रेला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
मान धाकट्यानं क्रिकेट खेळून मोडली म्हणाली,
उरलेलं ते काय, तिथं.

कूलरखाली.
वाळ्याचं पाणी ठिबकतंय त्यावर, कितीतरी उन्हाळे,
आणि सडलेलं नाही.
चार भोकं, जिथं तारा धरल्या होत्या.
एक पितळी स्क्रू, त्यावर रेल्वेचा ठसा.

गुडघे टेकायला वेळ लागला. मग कान लावला.
मोटरीची घरघर फळीतून येत होती,
कोराडीची वीज, सेकंदाला पन्नास हेलकावे,
जी स्वराच्या थोडी वर, पुढच्याच्या खाली,
कुठल्याही पेटीत न सापडणारी जागा.
रेकॉर्डच्या तळाशी, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी,
हीच आहे.
दोष नव्हता तर.
त्या खोलीत न उतरणारा एकच सूर होता
आणि ऑब्रेनं बास त्याला मिळवून घेतला होता.

काय झालं, फिलोमिना म्हणाली,
आवाज होतोय का? कूलर बंद करू?

नको, म्हटलं.
चालू दे.