क्लॅरिनेटवाल्याचं नाक

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात,
आणि नेमकी तेव्हाच
येळ्ळूरच्या शिवारात भाताची झोडणी.
माझी रोजीरोटी आणि माझा वैरी
एकाच मुहूर्तावर गावात उतरतात.

पहिली शिंक पहाटे, अंथरुणातच.
मग सात. मग मोजणं सोडून द्यायचं.
टाळूला आतून कुणी कुसळ फिरवतंय,
डोळे असे लाल की शेजारची भरमव्वा
आधी विचारायची, ‘रात्री कुठं बसला हुतास रे?’
आता विचारत नाही.
ते जास्त लागतं.

ढोलवाल्या दस्तगीरला शिंक चालते,
तो ठोक्यात मिसळून टाकतो.
माझी सरळ नळीत जाते
आणि मच्छेच्या वरातीत
नवरदेव वळून बघतो. घोडासुद्धा.

उपाय सांगणाऱ्यांना गावात तोटा नाही.
वेखंड उगाळून कपाळाला लावलं, कपाळ तेवढं शोभून दिसलं.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून हुंगली,
खिशात विसरली, आठवडाभर बँडच्या लाल कोटाला
गाठी-शेवेचा वास.
हुलग्याचं कढण मात्र असं, की त्याच्यासाठी तरी शिंकावं.
मामेभाऊ म्हणाला, निपाणीची तपकीर ओढ,
काट्यानं काटा निघतोय बघ.
त्या दिवसाचं मी काही सांगणार नाही.

बारकी पांढरी गोळी गुणाची होती,
खोटं कशाला बोलू.
पण नंदगडला अक्षता पडल्या तेव्हा
मी मांडवाच्या खांबाला टेकून गाढ झोपलो होतो,
मांडीवर क्लॅरिनेट, तान्ह्या पोरासारखं.

शेवटी पट्टणशेट्टी डॉक्टरीणबाई.
‘यावाग शुरू आगतद?’
म्हटलं, भात झोडताना.
त्या सीनु म्हणाल्या, मी शिंक म्हणालो,
नाकाला दोन्ही कळलं.
त्यांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला:
दसरा झाला की सुरू करायचा, रोज,
एकही शिंक नसली तरी.
बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायचा नाही.
मला पटलं.
वरात निघाल्यावर रीड शोधणारे
मी पुष्कळ पाहिलेत.

बाकीचं अनुसयानं केलं.
शिवाराकडच्या कुंपणावर माझे शर्ट वाळत घालणं बंद,
आता ते चुलीमागं लोंबतात, ओलसर, धुरकट.
लग्नाहून रात्री कितीही वाजता येऊ दे,
डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय अंथरूण नाही.
घरामागचं काँग्रेस गवत
पांढरी फुलं धरायच्या आत तिनं उपटलं,
हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून,
आणि मला पार रस्त्यापलीकडं उभं करून.
मी तिथून सांगत होतो, तो कोपरा राहिला गं.
‘तुमी बोलू नका, तोंडात जाईल.’

अजून शिंकतो.
दोन, कधी तीन. पूर्वीची पलटण नाही.
आणि चढायला लागली की मला आधी कळतं,
भुवईच्या मध्ये एक मुंगी निघते.
मी दस्तगीरकडं बघतो. बस्स, बघतो.
तो लांबलचक रेला सुरू करतो,
कडकडकड, थांबत नाही,
आणि मी पाठ फिरवून, रुमालात,
माझं उरकून घेतो.
मग सूर.

परवा सांबऱ्याला नवरीचा बाप
दहाची कोरी नोट नाचवत आला.
‘ते मगा मध्येच थांबून
निस्ता ढोल वाजवला की नाही?
ते परत वाजवा की!’

दस्तगीरनं रेला धरला.
मी रुमाल काढून, डोळे मिटून, तयार उभा.
मुंगी निघेल तर शपथ.