डावीकडची सीट

लेरविकच्या बेकरीवाल्यानं विकायला काढली तेव्हा
व्हॅनच्या पोटात पावाचा वास होता.
तो गेलाच नाही.
हीटर लावला की भुशाच्या, वार्निशच्या आडून येतो
आणि मला अकराच्या आत भूक लागते.

बाजूची अक्षरं मी खरवडून काढली,
पण रंग विसरत नाही, त्याला कुठे झाकलं होतं ते.
तिरप्या उजेडात ‘ताजे बन’ अजून वाचता येतं.
अन्स्ट बेटावर एका म्हातारीनं हात करून थांबवलं,
सहा द्या म्हणाली.
बन नव्हते. मी तिच्या खुराड्याची बिजागरी बसवून दिली,
तिनं पैशांऐवजी एक तांबडी कोंबडी दिली.

आतून फळ्या मारायच्या म्हणून गुण्या लावला.
छे. एकही कोपरा काटकोनात नाही.
भिंती मध्येच फुगलेल्या, वर जाऊन आत कललेल्या,
चाकांच्या जागी दोन टेंगळं.
वीस वर्षं लोकांची घरं ओळंब्यात आणली मी,
इथं मलाच वाकावं लागलं.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
लावला, कुरतडला, पुन्हा लावला,
पत्र्याचं वळण पुठ्ठ्यावर, पुठ्ठ्याचं प्लायवर.
सहाव्या खेपेला फळी अशी बसली
की फटीत पोस्टाचं तिकीट जाईना.
दाखवायचं कुणाला?
कोंबडीला दाखवलं.

कप्पे हाताच्या सवयीनं केले, डोळ्यांच्या नाही.
डिसेंबरात इथं दिवस तीनला मिटतो;
पटाशी कुठं, रंधा कुठं, चार नंबरचे स्क्रू कुठं
हे बोटांनाच ठाऊक हवं.
आणि गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे.
पाठीला वारा घेऊन दार उघडलंत
तर दार बिजागरीसकट समुद्रात, नि तुम्ही मागोमाग.

तीन मीटरच्या फळ्या मात्र मावेनात.
म्हणून डावीकडची सीट काढली.
तिथं गिबी बसायचा, अठरा वर्षं,
मग तो नॉर्वेला बोटी बांधायला गेला.
नंतर पावत्या बसायच्या, नि थर्मास.
चार बोल्ट. तीन सुटले, चौथा गंजून मुरलेला,
त्याचं डोकं कापलं.
सीट शेडमध्ये टाकली
आणि फळ्या डॅशबोर्डपर्यंत सरळ आल्या,
शेजारी बसल्यासारख्या.
बोलायच्या नाहीत. बरं होतं.

यंदा कॉलेजनं मेरनला पाठवलं, शिकाऊ.
सतरा वर्षांची, लायसन नाही, बस दिवसातून दोनदा.
पहिल्या आठवड्यात पोचायची ती
मी हत्यारं आवरताना.
ठीक आहे, म्हटलं, सीट लावू परत.

शेडमध्ये गेलो तर सीटवर तांबडी,
पिसं फुगवून, अकरा अंडी पोटाखाली
(शेजारच्या कोंबड्याची कृपा),
आणि नजर अशी की
ही जागा माझ्या नावावर आहे, कागद दाखवू का.

एकवीस दिवस थांबलो.
तेवढ्यात मेरननं तो तुटका बोल्ट ड्रिलनं पोखरून काढला,
नवे आटे पाडले, हळू, तेल घालत घालत,
माझ्याहून हळू.
मी दोनदा तोंड उघडलं नि मिटलं.
छतावरचा रॅक तिनंच मोजला.
वर न्यायच्या ना फळ्या, म्हणाली, मग अडलं कुठं?
चार वर्षं मला कळलं नव्हतं कुठं अडलं ते.

पिल्लं नऊ निघाली.
सीट घासली तरी शिवणीत एक पीस राहिलंय,
मेरन ते बोटानं आत ढकलत बसते,
पट्टा लावून, मांडीवर थर्मास घेऊन,
आणि बोलते. देवा, किती बोलते.
वर फळ्या वाऱ्यात शिट्टी मारतात.
काल दहा वाजताच विचारत होती,
तुम्हाला कसला वास येतोय का.