कोल्ह्याचा पुदिना

विजेच्या बिलाच्या रिकाम्या पाकिटात
लुंडग्रेनबाईने बी आणून दिलं.
मोहरीहून बारीक, राजगिऱ्यासारखं;
मी शिंकले असते तर सगळी बाग उडाली असती.
पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं: कोयोटी मिंट.
कोयोटी म्हणजे इकडचा कोल्हा,
मिंट म्हणजे पुदिना.
कोल्ह्याला कशाला हवा पुदिना, मी विचारलं.
भेटला की त्यालाच विचार, ती म्हणाली.

क्विन्सी म्हणजे थोडी दुकानं, एक कोर्ट,
आणि चहूबाजूंनी कॅलिफोर्नियाचे डोंगर,
त्यातला पूर्वेचा अजून काळा.
त्याच्या माथ्यावरच्या मनोऱ्यात बाईने
बावीस उन्हाळे काढले, दुर्बीण घेऊन,
धूर शोधत.
खरी आग आली तेव्हा मनोऱ्याला कुलूप होतं,
आणि बाई खाली, घराच्या पायरीवर,
ओला टॉवेल तोंडाशी धरून.

पहिलं रोप मी मारलं.
रीतसर, मायेने, दोन वेळा पाणी घालून.
पाणी तपासणं ही माझी नोकरी.
गावाच्या नळाचं पाणी रोज बाटलीत धरून
उजेडासमोर बघते.
इतकं चांगलं पाणी कुणाला सोसणार नाही
हे कसं सुचावं?
मुळं हातात आली, गिच्च झालेल्या शेवयांसारखी.
बाई म्हणाली, उपाशी ठेव.
खडीत लाव. विसर.

विसरणं जमेना, म्हणून
बादलीच गॅरेजात ठेवली.

दुसऱ्या वर्षी पानं आली, राखाडी,
कुणी पिठाचे हात पुसल्यासारखी.
मागून वसाहतीच्या कमिटीची चिठ्ठी:
आपल्या अंगणात तण वाढले आहे.
बाईने चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या,
आणि माझ्या डुगडुगत्या टेबलाच्या
आखूड पायाखाली सारली.
टेबल अजून हललेलं नाही.

तिसरा जुलै.
वांग्याच्या फुलाच्या रंगाचे विस्कटलेले गोंडे,
आणि त्यांच्यावर ही गर्दी!
केसाळ, जाड्या मधमाश्या,
मांड्यांना पिवळी भुकटी थापलेल्या.
एक पतंग, जो बसतच नाही,
हवेत उभ्या उभ्या पितो,
जणू बाहेर गाडी चालू ठेवून आलाय.

मी एक देठ चिमटीत फिरवला.
चार कडा.
सबज्याचा असाच, मरव्याचा असाच,
बांधावरच्या कुंभ्याचा असाच,
ज्याची पांढरी फुलं उपटून आम्ही
शाळेतून येताना मध चोखायचो
आणि मुंग्याही खायचो, नाइलाजाने.
आडनाव देठावर कोरलेलं.
डोळे मिटूनही बोटांना वाचता येतं.

तेव्हा बाई कुंपणापलीकडून म्हणाली,
पान चुरगळ. वास सांग.

मला वाटलं, परीक्षा घेतेय.
मग कळलं:
त्या धुरानंतर तिला वास येत नाही.
कॉफीचा नाही, साबणाचा नाही,
करपलेल्या टोस्टचासुद्धा नाही. बावीस वर्षं
जे नाक धुराची वाट बघत होतं, ते.

मी पान चोळलं, हुंगलं.
इंग्रजीत शोधलं, मिंट सोडून काही सापडेना.
म्हणून मराठीत सांगितलं:
आधी ओवा. तव्यावरचा, कच्चा नव्हे.
मग डबी उघडल्याबरोबरचा कापूर.
तळाशी लिंबाची साल,
आणि अगदी शेवटी
पाटी पुसायच्या ओल्या फडक्यासारखं काहीतरी.
तिला एक शब्द कळला नाही.
मान मात्र हलवत राहिली,
ओळखीचा रस्ता कुणी सांगावा तशी.

आता दर जुलैत ती कुंपणाशी येते.
सांग, म्हणते. मी सांगते.

यंदा मला सर्दी होती, नाक चोंदलेलं.
पान चोळलं, खोटा श्वास घेतला,
आणि गेल्या वर्षीचाच वास सांगितला,
ओवा, कापूर, साल, फडकं,
त्याच क्रमाने.

बाई ऐकत होती, डोळे बारीक करून,
डोंगराकडे बघायची तशी.
मग म्हणाली,
आज तुला येत नाहीये.

दोघी उभ्या राहिलो, दोन बिननाकाच्या बायका.
मधमाश्यांचं काम चालू होतं.